लोटस १-२-३ च्या फायलींचे वाचन आणि त्याचा लोप

१

लिपीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच लेखनाकडे वळते. अमुक लिपी केव्हा प्रचारात आली, तिच्यात कोणते लेख कोरले गेले, कोणते कागद लिहिले गेले, हे प्रश्न आपण आवर्जून विचारतो. ती लिपी सहजपणे वाचू शकणारा शेवटचा मनुष्य केव्हा नाहीसा झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः मजकुराच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा होय. लेखन थांबले तरी वाचन काही काळ चालू राहते. वाचन थांबले म्हणजे मात्र समोर असलेला कागदही नसल्यासारखाच होतो. या दोन घटनांमध्ये कधी शतकाचे, तर कधी चार-दोन वर्षांचेच अंतर असते आणि जुन्या मजकुराचे जे काही हित साधावयाचे ते याच अंतरात साधावे लागते.

हा विचार प्रस्तुत टिपणात अगदी अलीकडच्या एका उदाहरणाच्या आधारे मांडावयाचा आहे. आकडेमोडीचे तक्ते तयार करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला स्प्रेडशीट म्हणतात. अशा आज्ञावलीची नवी आवृत्ती आली की काही जुन्या फायली तिला वाचता येईनाशा होतात, हा अनुभव आता अनेकांच्या परिचयाचा आहे. फाईल ज्या संकेतव्यवस्थेने साठविली जाते तिला फॉर्मॅट असे नाव आहे. तिला एक प्रकारची लिपी मानले, तर लोटस १-२-३ या आज्ञावलीच्या फॉर्मॅटचा उदय आणि लोप हा लिपीच्या इतिहासाचाच एक अध्याय ठरतो. तो अवघ्या तीस वर्षांत घडलेला असल्यामुळे त्यातील सर्व पायऱ्या आपणांस एकाच पिढीत पाहावयास मिळतात.

२

वैयक्तिक संगणकावरील पहिली प्रसिद्ध स्प्रेडशीट म्हणजे व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना त्यांना तिची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या सहकार्याने ती सिद्ध झाली आणि १९७९ साली ॲपल २ या संगणकासाठी विक्रीस आली. एका चौकटीतील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व चौकटी आपोआप बदलतात, हे तिचे वैशिष्ट्य होते. खतावणीतील एक रक्कम चुकल्यामुळे सारी पाने पुन्हा बेरजेस घ्यावी लागलेल्या कोणत्याही कारकुनास त्याचे मोल सांगावे लागू नये.

यानंतर मिच केपर आणि जोनाथन सॅक्स यांची लोटस १-२-३ ही आज्ञावली जानेवारी १९८३ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी बाजारात आली. तक्ता, आलेख आणि माहितीची सूची अशी तीन कामे ती करी. तिच्या नावातील तीन अंक त्यांचेच द्योतक होत. पुढील सुमारे दहा वर्षे कार्यालयांतून तिचे वर्चस्व होते. तिच्या पहिल्या आवृत्तीचा फॉर्मॅट डब्ल्यूकेएस या अक्षरांनी ओळखला जाई. १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डब्ल्यूके१ आणि १९८९ च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर डब्ल्यूके३ हे फॉर्मॅट आले. विंडोजवरील पुढील आवृत्त्यांनी आणखी भर घातली.

या संकेतव्यवस्थेची रचना मुळात साधी आहे. डब्ल्यूके१ फाईल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या नोंदींची माळ होय. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या दोन बाइटांत नोंदीचा प्रकार, पुढील दोन बाइटांत तिची लांबी आणि त्यानंतर प्रत्यक्ष आशय असतो. फाईलचे पहिले सहा बाइट षोडशमान पद्धतीने लिहिल्यास ००, ००, ०२, ००, ०६, ०४ असे दिसतात. त्यांतील पहिली जोडी आरंभाची नोंद दर्शविते, दुसरी जोडी 'पुढे दोन बाइटांचा आशय आहे' असे सांगते आणि तिसरी जोडी आवृत्तीची खूण होय. पहिल्या आवृत्तीच्या फायलीत पाचव्या स्थानी ०६ ऐवजी ०४ येतो. पोथीच्या आरंभीच्या नमनावरून जाणकार जसा तिच्या संप्रदायाचा अंदाज बांधतो, तसा या सहा बाइटांवरून फाईलचा काळ ओळखता येतो. ज्ञान म्हणून पाहता ही लिपी कधीच नष्ट झालेली नाही. नष्ट झाले ते तिचे रोजच्या व्यवहारातील वाचन.

३

मायक्रोसॉफ्टची एक्सेल ही आज्ञावली १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर आली. त्या वेळी जगातील बहुसंख्य तक्ते लोटसच्या फॉर्मॅटमध्ये होते. त्यामुळे नवागत आज्ञावलीस जुन्या भाषेत बोलता येणे आवश्यक होते. एक्सेलची १९९२ मधील ४.० ही आवृत्ती लोटसच्या फायली वाची, त्याचप्रमाणे त्याच फॉर्मॅटमध्ये लिहीतही असे. ज्या कारकुनाचे सहकारी अद्याप लोटस वापरीत होते, त्यालाही त्यांच्याशी व्यवहार न तोडता एक्सेल वापरून पाहता येई. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा द्विभाषिकतेचा काळ होता आणि अनेक द्विभाषिक समाजांप्रमाणे येथेही हळूहळू एकाच भाषेकडे कल झुकत गेला.

१९९५ साली आयबीएमने लोटस ही संस्था विकत घेतली. तथापि तोपर्यंत बाजार एक्सेलकडे वळला होता. वर्चस्व स्थिर झाल्यावर जुनी भाषा जाणण्याची व्यापारी निकड उरली नाही. एक्सेल २००७ मध्ये नवा एक्सएलएसएक्स फॉर्मॅट मुख्य झाला. त्याच आवृत्तीपासून लोटसच्या फायली वाचण्याची आणि लिहिण्याची सोय काढून टाकण्यात आली. डीबेस या जुन्या माहितीसंग्रहाच्या फायली वाचण्याची सोय राहिली, परंतु त्या फॉर्मॅटमध्ये लिहिण्याची सोय गेली. एक्सेलच्या स्वतःच्या २, ३ आणि ४ या आवृत्त्यांच्या फॉर्मॅटांचीही हीच गत झाली.

सप्टेंबर २००७ मध्ये ऑफिस २००३ साठी तिसरा सुधारणासंच प्रसृत झाला. त्याने लोटसच्या फायलींसह अनेक जुन्या फॉर्मॅटांचे वाचन मूळ मांडणीतच बंद केले. वाचनाची आज्ञा संगणकात होती. तिच्यावर केवळ बंदी आली होती. यामागे सुरक्षिततेचे कारण देण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये या निर्णयाचा बराच गवगवा झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने दिलगिरी व्यक्त केली आणि बंदी उठविण्याचे सोपे साधन उपलब्ध करून दिले. त्या वेळी झालेला एक खुलासा आपल्या दृष्टीने मननीय आहे. जुने फॉर्मॅट स्वतः असुरक्षित नव्हते. ते वाचणारी जुनी आज्ञासंहिता असुरक्षित होती. कोणी दुष्ट हेतूने विकृत फाईल रचील, ही शक्यता ती संहिता लिहिली गेली तेव्हा फारशी विचारात घेतलेली नव्हती. दोष वाचकाचा होता आणि त्याचे प्रायश्चित्त मजकुरास मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

आयबीएमने लोटस १-२-३ ची विक्री २०१३ साली थांबविली आणि तिचे साहाय्य सप्टेंबर २०१४ अखेर बंद केले. अशा रीतीने त्या लिपीचे मूळ घरही मिटले.

४

येथे भाषेच्या अभ्यासकास विशेष कुतूहल वाटावे अशी एक गोष्ट आढळते. एक्सेलने लोटसचा मजकूर वाचण्याचे सोडले. परंतु लोटसच्या लकबी मात्र तिने अद्याप सोडलेल्या नाहीत. लोटसमध्ये तिरप्या रेघेची कळ दाबली की आज्ञांची यादी उघडे. एक्सेलमध्ये ती कळ आजही हेच काम करते. आकड्यांच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकले की तो आकडा मजकूर समजला जातो. हे चिन्ह लोटसमध्ये डाव्या बाजूस जुळविलेल्या मजकुराची खूण होते.

सर्वांत बोलके उदाहरण तारखेचे आहे. दोन्ही आज्ञावल्या तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवितात आणि १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरतात. १९०० या संख्येस ४०० ने निःशेष भाग जात नसल्यामुळे ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे ते वर्ष प्लुत नव्हते. परंतु लोटसने ते प्लुत धरले आणि क्रमांक ६० हा २९ फेब्रुवारी १९०० या कधीही न उगवलेल्या दिवसास दिला. लोटसच्या फायलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलने हा प्रमाद समजून उमजून स्वीकारला. आज लोटसच्या फायली उघडत नाहीत, पण तो दिवस एक्सेलच्या पंचांगात कायम आहे. ज्या जनसमूहाची भाषा नामशेष झाली त्याच्या उच्चारसवयी पुढच्या भाषेत टिकून राहतात, या प्रक्रियेस आपण अधःस्तर म्हणतो. लोटस ही एक्सेलचा अधःस्तर होय.

५

यावरून एक गोष्ट सहज लक्षात येईल. केवळ अक्षरे ओळखता आली म्हणजे वाचन झाले, असे नव्हे. वाक्याचा अर्थ लावण्याचे नियमही ठाऊक असावे लागतात आणि ते नियम फाईलमध्ये लिहिलेले नसतात. ते वाचणाऱ्या आज्ञावलीत असतात.

−२^२ हे सूत्र घेऊ. लोटसच्या व्याकरणात घातांक आधी आणि ऋणचिन्ह नंतर. म्हणून उत्तर −४ येते. एक्सेलच्या व्याकरणात ऋणचिन्ह आधी. म्हणून उत्तर ४ येते. दोन्ही आज्ञावल्या सूत्र निर्दोषपणे वाचतात, कोणतीही सूचना देत नाहीत आणि परस्परविरुद्ध उत्तरे देतात. एक्सेलच्या पर्यायांत 'लोटसशी अनुरूपता' असा एक स्वतंत्र विभाग ठेवलेला आहे, तो याच प्रकारच्या भेदांसाठी.

दुसरे उदाहरण सरासरीचे. समजा, पाच गावांत एका शब्दाचा वापर किती वेळा आढळला याची नोंद १२, ८, 'नाही', १०, १० अशी आहे. लोटसमध्ये आकड्यांच्या रकान्यात आलेला मजकूर शून्य धरला जाई. त्यामुळे एकूण ४० भागिले ५, म्हणजे सरासरी ८ येई. एक्सेलमध्ये सरासरी काढताना मजकूर वगळला जातो. त्यामुळे ४० भागिले ४, म्हणजे १० येते. यांपैकी बरोबर उत्तर कोणते, हे गणितावरून ठरत नाही. 'नाही' या शब्दाने लिहिणाऱ्यास काय सांगावयाचे होते, यावरून ते ठरते. 'त्या गावी हा शब्द वापरात नाही' असा अर्थ असेल तर आठ बरोबर. 'त्या गावी हा प्रश्न विचारला नाही' असा अर्थ असेल तर दहा बरोबर.

६

हे उदाहरण प्रस्तुत लेखकाने केवळ कल्पनेने रचलेले नाही. लेखकाच्या गुरूंनी १९९० नंतरच्या दशकात कोकणातील काही गावांतून बोलीच्या शब्दांचे सर्वेक्षण केले होते आणि त्याचे तक्ते लोटसमध्ये तयार केले होते. ते तक्ते विभागात अनेक वर्षे उघडत होते. म्हणून त्यांची कोणी चिंता केली नाही. पुढे संगणकांवरील आज्ञावली नवी झाली आणि एके दिवशी त्यांतील एकही फाईल उघडेना. यात दोष आमचाच होता. वाचता येत होते तोवर आम्ही उतरवून घेतले नाही.

लिब्रेऑफिस ही मुक्त आज्ञावली लोटसचे फॉर्मॅट अद्याप वाचते. तिच्या साहाय्याने फायली उघडल्या, तेव्हा आकडे परत आले. मराठी शब्द मात्र आले नाहीत. त्यांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन रांग दिसत होती. याचे कारण त्या काळच्या मराठी टंकांत आहे. भारतीय लिपींसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली होती. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात अनेक टंकनिर्माते अक्षरांचे आकार आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी बसवीत. टंक गेला की मजकूर गेला. म्हणजे आमच्या तक्त्यांवर दोन कुलपे होती आणि त्यांतील एकच उघडले होते.

दुसरे कुलूप उघडले ते कागदामुळे. विभागाच्या लोखंडी कपाटात त्या तक्त्यांपैकी काहींची बिंदुमुद्रकावर काढलेली प्रत सापडली. छापील मराठी शब्द आणि पडद्यावरील चिन्हे शेजारी ठेवून एकेका चिन्हाची किंमत ठरवीत गेलो. द्विभाषिक नाण्यांवरून वा शिलालेखांवरून अज्ञात लिपीचा उलगडा करण्याची जी रीत आपण विद्यार्थ्यांस शिकवितो, तीच येथे कामी आली. ज्या तक्त्यांची छापील प्रत नव्हती, तेही त्या किल्लीने वाचता आले.

मात्र नव्याने निघालेल्या सरासऱ्या गुरूंच्या प्रबंधातील छापील सरासऱ्यांशी अनेक ठिकाणी जुळेनात. कारण वर सांगितलेच आहे. रकान्यांत जागोजागी 'नाही' हा शब्द होता. त्यांच्या क्षेत्रकार्याच्या वह्या पाहिल्या, तेव्हा असे आढळले की काही गावी त्याचा अर्थ 'वापरात नाही' असा होता, तर काही गावी 'विचारले नाही' असा. जुने आकडे सर्वस्वी बरोबर नव्हते आणि नवेही नव्हते. तक्ता पुन्हा वह्यांवरून तपासावा लागला. वीस वर्षे ज्या सरासरीच्या आधारे आम्ही दोन गावांच्या बोलींतील भेद शिकवीत होतो, तीच सरासरी त्या तपासणीत बदलली. गुरू हयात असते तर त्यांना एका वाक्यात विचारता आले असते.

७

मराठी वाचकास या सर्व प्रकरणी मोडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोडीत लिहिणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हळूहळू थांबले. वाचणारे मात्र आजही आहेत, जरी थोडे असले तरी. त्या मधल्या काळात जे उतरवून घेतले गेले ते सर्वांचे झाले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, हे त्याचे ठळक उदाहरण. मोडीच्या लिप्यंतरातही अर्थनिर्णयाचा प्रश्न येतोच. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः दाखविला जात नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. बाळबोधीत उतरविणारा प्रत्येक ओळीत काही ठरवीत असतो. म्हणूनच चांगला संपादक लिप्यंतर छापल्यावर मूळ कागद टाकून देत नाही. २०१४ साली मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे मोडी संगणकावर लिहिता येऊ लागली, परंतु तेवढ्याने ती वाचणारा मनुष्य निर्माण झाला नाही.

फॉर्मॅटांच्या बाबतीत लोपाच्या तीन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. पहिल्या अवस्थेत आज्ञावली जुना फॉर्मॅट वाचते व लिहितेही. दुसऱ्या अवस्थेत ती केवळ वाचते. तिसऱ्या अवस्थेत ती दोन्ही करीत नाही. लोटसच्या फायलींना एक्सेलने मधली अवस्था दिलीच नाही. डीबेसच्या फायली २००७ पासून त्याच मधल्या अवस्थेत आहेत. एक्सेलचा १९९७ ते २००३ या काळातील एक्सएलएस फॉर्मॅट अद्याप पहिल्या अवस्थेत आहे. मधल्या अवस्थेस लोक सुरक्षितता समजतात. ज्या बोली केवळ आजीआजोबांना कळतात आणि नातवंडांना बोलता येत नाहीत, त्यांच्याविषयीही आपण अशीच समजूत करून घेतो.

तिसऱ्या अवस्थेनंतरही सर्व मार्ग बंद होतात असे नाही. लिब्रेऑफिसचा उल्लेख वर आलाच आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रोनॉम या नावाने फॉर्मॅटांची एक सूची २००२ पासून चालविली आहे. फाईल कोणत्या लिपीत आहे हे तिच्यामुळे तरी ओळखता येते. २०२२ साली टॅव्हिस ऑर्मंडी या संगणकसुरक्षेच्या अभ्यासकाने १-२-३ ची एक जुनी युनिक्स आवृत्ती आजच्या लिनक्स प्रणालीवर प्रत्यक्ष चालवून दाखविली. ज्या सुरक्षिततेच्या नावाखाली ते दार लावले गेले, तिच्याच एका अभ्यासकाने ते पुन्हा किलकिले करावे, हा योगायोग लक्षणीय आहे. तथापि असे प्रयत्न व्यक्तीच्या आवडीवर अवलंबून असतात. विद्यापीठीय विभागाने त्यांच्या भरवशावर राहणे इष्ट नव्हे.

या दृष्टीने विभागातील सहाध्यायांपुढे चार साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. आज्ञावली बदलण्यापूर्वी, बदलल्यानंतर नव्हे, जुन्या फायली नव्या फॉर्मॅटमध्ये उतरवून घ्याव्यात. उतरविल्यावर मूळ फाईलही जपून ठेवावी. प्रत्येक तक्त्याची एक छापील प्रत काढावी. आणि तक्त्यातील प्रत्येक खुणेचा, विशेषतः रिकाम्या जागेचा व 'नाही' या शब्दाचा, अर्थ तक्त्याच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. पहिल्या तीन सूचना संगणकाच्या जाणकाराकडूनही मिळतील. चौथी मात्र ज्याने गावोगाव हिंडून ते शब्द गोळा केले त्यालाच पाळता येईल, आणि तो आपल्यात असेपर्यंतच.